तसाबीहची सुट्टी

कोस्ती, ४ मे २०११

आलविया,

पत्र पोर्ट सुदानला तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. सुट्टी लागली तरी पेपर तपासायला तू शाळेत जातेस, असं आईकडून कळलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा मार्ग.

आठ वर्षांनी लिहिते आहे ते भांडण उकरायला नाही. एक बातमी आहे. ती तिखटमीठ लावून दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी मी सांगितलेली बरी. आमच्या खात्यानं गावोगावच्या सुइणींचं प्रशिक्षण काढलं आहे. मुलींची सुंता करायची नाही, सुंतेच्या वेळी शिवलेल्या बाईला बाळंतपणानंतर पुन्हा शिवायचं नाही, आणि घरातल्यांना ते पटवायचं कसं, हा विषय. शिकवायचं मी. पहिला वर्ग आपल्याच गावी, उम-तलहच्या शाळेत आहे आणि त्यात आईचं नाव आहे. या भागातल्या सुइणींचे परवाने माझ्या सहीनं चालतात आणि माझ्या सहीनं बंद होतात. आईचाही. म्हणजे वर्ग संपल्यावर तिनं कुणा पोरीला हात लावला, तर तिची सुइणीची पेटी मला काढून घ्यावी लागेल. लोक त्यावर बोलतील. तू आधी माझ्याकडून ऐक.

तुझ्या बाळंतपणाचा विषय मी काढणार नव्हते. पण वर्गात मला एका बाईची गोष्ट सांगावी लागते आणि ती तुझी असते. नाव घेत नाही. दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणतात, "होती तशी करून दे." मी नाही म्हणते. मग बाळंतीण स्वतःच म्हणते, "नेमात, शिव." तरी मी नाही म्हणते. पुढे त्या घरचे दुसरी कुणी आणून शिवून घेतात आणि बाळंतिणीला ताप भरतो. एवढंच सांगते. तू म्हणतेस, 'तुझ्या स्वच्छ हातांनी झालं असतं तर मी मरणाच्या दारात गेले नसते.' मी म्हणते, ते व्हायलाच नको होतं. या दोन वाक्यांवर आपण दोघी आठ वर्षं उभ्या आहोत. आज मी त्यात भर घालत नाही.

इकडे उकाडा आहे. दक्षिण वेगळी होणार म्हणून धक्क्यावर तिकडची कुटुंबं सामानसुमान घेऊन बोटींची वाट बघत बसली आहेत. त्यातल्या तिघी अडल्या म्हणून काल बोलावणं आलं होतं. तिघी सुखरूप.

नेमात


उम-तलह, ११ मे

आलविया,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

वर्ग सुरू झाला. शाळेची बाकं लहान, सुइणी मोठ्या. अर्ध्या जणी जमिनीवर चटई टाकून बसतात. आई मात्र पहिल्या बाकावर, अंगभर गुंडाळलेला तोब डोक्यावरून घट्ट ओढून, कॉफीची किटली शेजारी ठेवून. मी कमरेचा प्लास्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवला तर ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "बघ गं. माझ्या पोटातून बाहेर आली आणि आता मलाच सांगणार, पोरं कुठून येतात ते."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. नाहीतर तासच झाला नसता.

रक्तस्राव, जंतू, मूत्रमार्ग, अडलेली बाळंतपणं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यांनी ते हातांनी बघितलं आहे. त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद सुरू होतो तो पुढे. मी म्हटलं, तपासणीला आलेल्या गरोदर बाईशी ती एकटी असताना बोला, सासूला पाणी आणायला पाठवा, मुलगी झाली तर तुमचा काय विचार आहे ते विचारा. यावर राबहा उठली. राबहा म्हणजे वरच्या वस्तीवरची तरुण सुईण. हिचं पहिलं बाळंतपण आईनंच केलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "सासूला पाणी आणायला पाठवलं तर ती पाणी घेऊनच परत येईल ना? विहिरीत थोडीच पडणार आहे?"

पुन्हा हशा.

"आणि मी नाही म्हटलं, तर ती पलीकडच्या गावातली आणेल. ती ब्लेड नीट धुतही नाही. मग पोरीचं भलं कशात?"

"'सुन्ना' तरी करू द्या," मागून कुणीतरी बोललं. "थोडंसं. नावाला."

मी म्हटलं, नावालाही नाही. थोडंसं म्हणजे किती, हे ज्याच्या हातात ब्लेड तो ठरवतो. आणि स्वच्छ ब्लेडनं कापलेलंही कापलेलंच असतं.

"हिला पगार मिळतो ना, म्हणून बोलते," आई म्हणाली. कॉफी ओतताना तिचा हात थरथरला आणि थोडी कॉफी बशीत सांडली. तिच्या हाताचं हे मला माहीत नव्हतं. ती लपवते. तुला माहीत होतं का?

नेमात


उम-तलह, १४ मे

आलविया,

तुझी तसाबीह इथं आहे. तू पाठवलीस, सासूबाईंबरोबर, सुट्टीला म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आईच्या घरी जेवायला गेले तर अंगणात एक मुलगी दोरीच्या खाटेवर बसून पाय हलवत होती. मी विचारलं, तू कुणाची? "हाशिमची," ती म्हणाली. "आणि तू तीच मावशी का, जिच्याशी आई बोलत नाही?" मी म्हटलं, तीच. मग तिनं मला शेंगदाणे दिले. दुपारी मी तिची वेणी घातली. मानेवर तुझ्यासारखाच भोवरा आहे. कंगवा तिथंच अडतो.

तिला लाल रेशमी झगा आणलेला आहे. गुरुवारी तिचा समारंभ, हे ती सगळ्यांना सांगत फिरते. मेंदी लावणार, बांगड्या मिळणार, सगळ्या बायका फक्त तिच्यासाठी येणार. पुढे काय होणार ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

तुझ्या सासूबाई शेजारी गप्पा मारायला गेल्या तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती ज्वारीचा किसरा भाजत होती. मी म्हटलं, "आई, तू हे करणार असशील तर मला आत्ताच सांग. पेटी मी आजच घेऊन जाते."

तिनं तव्यावरची नजरही काढली नाही. "दार लाव," म्हणाली.

मग जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, कारण ते तुझंच आहे. तू तिला फोन केला होतास. 'आई, नाव कर, हात लावू नकोस.' मेंदी लावायची, पोरीला आत न्यायचं, तिला दोन चापट्या देऊन रडवायचं, मांडीला पट्टी बांधायची, बाहेर बायकांनी आनंदाचा हाकारा करायचा. सासूबाई खूश, पोर शाबूत.

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. तू पोरीला कापायला पाठवलं नाहीस, वाचवायला पाठवलंस. मी दुसरंच धरून चालले होते.

पण आलविया, हे चालणार नाही. शाळेत त्या सगळ्या जणी बसल्या आहेत. रोज एकेकीला मी विचारते, नाही म्हणशील का? त्यांनी होकार दिला आहे, कुणी मनापासून, कुणी तोंडदेखला. गुरुवारी आईच्या, हाज्जा सुकैनाच्या, घरातून हाकारा ऐकू आला, की शुक्रवारपर्यंत गावभर होईल: शिकवणारीच्या आईनं शिकवणारीच्या भाचीची केली. मग राबहानं का नाही म्हणायचं? तुझी एक पोर वाचेल आणि त्या हाकाऱ्याच्या जोरावर इथल्या बाकीच्या पोरी जातील. शिवाय आठ वर्षांच्या मुलीला पट्टीबद्दल खोटं बोलायला शिकवायचं. आज ना उद्या ती आजीला सांगणारच.

तू स्वतः नाही म्हण. सासूबाईंना फोन करून सांग, मला नको आहे. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. बुधवारपर्यंत कळव. दुकानदाराच्या फोनवर आईला कळवलंस तरी चालेल. मला नाही तर नाही.

नेमात


उम-तलह, १८ मे

आलविया,

तुझा निरोप काल मिळाला. दुकानातून आई परत आली ती दम लागून आणि निरोप जसाच्या तसा सांगितला: "नेमातचं 'नाही' तिला पगार देतं. माझं 'नाही' मला घराबाहेर काढेल."

मी ते वहीत उतरवून घेतलं.

मी ते वाक्य आज वर्गात सांगितलं. नाव घेतलं नाही, पण आई समोर होती. मी म्हटलं, एक बाई असं म्हणते, तिला काय सांगाल? सगळ्या तोबच्या टोकानं वारा घेत राहिल्या. पंखा बंद होता. वीज गेली होती.

मग राबहा म्हणाली, "बरोबरच बोलते की ती. आपण तिला सांगतो, तू नाही म्हण. आणि आपण पेटी उचलून घरी जातो. मार कुणी खायचा? तिनं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नाही तिनं म्हणायचंच नाही. आपण म्हणायचं. सासू विचारेल, पोरीची का नाही केली? सून म्हणेल, सुईणच तयार नाही, मी काय करू? सुईण कुणाची सून लागत नाही."

"पण मग सगळ्यांनी म्हणायला हवं," मागून एक जण बोलली. "एकीनं म्हटलं तर ती वाळीत पडेल."

त्यावर पुढचा सगळा वेळ गेला. पलीकडच्या गावातलीला कोण सांगणार, तिची मावशी कुणाची नातलग, कुणी कुणाला शब्द द्यायचा. मी जे शिकवायला आणलं होतं त्यातलं पुढचं पान उघडलंच नाही. भांडणही झालं. दोघी एकमेकींच्या बाळंतपणातल्या चुका काढू लागल्या तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

जाताना आई दारात थांबली आणि सगळ्यांना म्हणाली, "उद्या माझ्याकडे कॉफीला या. सगळ्या."

मला वाटलं, तिनं तुझं ऐकायचं ठरवलं आहे आणि हाकाऱ्याला माणसं जमवते आहे. मी तिला काही विचारलं नाही. पेटी काढून घेण्याचा कागद लिहून पिशवीत ठेवला आहे. उद्या सकाळी तिच्याकडे जाईन. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते आहे.

नेमात


उम-तलह, २० मे

आलविया,

तसाबीहला कुणी हात लावलेला नाही. हे पहिल्यांदा सांगते, म्हणजे बाकीचं सावकाश वाचशील.

काल सकाळी अंगणात कडुनिंबाखाली चटया घातल्या होत्या. शेजारपाजारच्या बायका आल्या, वर्गातल्या सगळ्या सुइणी आल्या. तसाबीह लाल झग्यात, हातापायांवर मेंदी, कुणाला हात लावू देत नव्हती, मेंदी फिसकटेल म्हणून. तुझ्या सासूबाई मधोमध. आई चुलीपाशी बसून आलं कुटत होती.

सासूबाई म्हणाल्या, "हाज्जा, ऊन चढतंय. पाणी तापलं का?"

"तापलंय," आई म्हणाली. "कॉफीचं."

बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. आईनं एकेकीला कप दिला, अगदी शेवटचीपर्यंत. मग आपला कप घेतला, खाली बसली आणि म्हणाली, "मी करणार नाही."

सासूबाईंना वाटलं थट्टाच चालली आहे. "हात थरथरतो म्हणून? मग नेमात आहे की."

"तिला विचारण्यापेक्षा भिंतीला विचार. भिंत एखादे वेळी हो म्हणेल."

"मग पोरीला नापाक ठेवायची? उद्या कोण नांदवेल तिला? आलवियाला काय सांगू मी?"

"आलवियाला सांग, तुझी आई म्हातारपणी बिघडली. तिच्या घरात हे व्हायचं नाही. आलवियाचा यात काही संबंध नाही. तिनं बिचारीनं पोर माझ्या भरवशावर पाठवली होती."

तुझ्या फोनबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. सुइणींकडे वळल्या. त्यांना माहीत होतं कोण कोण आहेत ते. "राबहा, तू चल आत. तुझा हात चांगला आहे म्हणतात."

आलविया, मी राबहाकडे बघत होते आणि खरोखर मला सांगता आलं नसतं ती काय करेल. तिच्या दोन्ही मुलींची झालेली आहे. सासूबाईंच्या माहेरची जमीन तिचा नवरा कसतो. ती कपाकडे बघत बसली. मग मान वर न करता शेजारणीला म्हणाली, "साखर दे गं जरा."

सासूबाईंनी दुसरीकडे बघितलं. तिनं तोब सारखा केला. तिसरी म्हणाली, माझा गुडघा धरलाय. चौथी कॉफी पीत राहिली. कुणी भाषण दिलं नाही, कुणी 'नाही' हा शब्दही उच्चारला नाही. पण उठलं कुणी नाही. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"पोर्ट सुदानात सुइणी मेल्यात काय?" सासूबाई ओरडल्या. "उद्याच्या गाडीनं घेऊन जाते."

"सुइणी जिवंत आहेत," आई म्हणाली. "पण पोर इथं आहे. तिचा बाप येऊन नेईल. बापाच्या हाती देईन, तुझ्या नाही."

त्या एकट्याच परत गेल्या. या पत्राआधी त्या तुझ्याकडे पोचतील. तुझं घर त्या डोक्यावर घेतील. त्याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. केला. दुसरं काही सुचलं नाही.

दुपारी बायका पांगल्यावर मी आईला विचारलं, हे तू कधी ठरवलंस? तिनं पश्चात्ताप वगैरे काही सांगितला नाही. तिनं आपल्या दोघींचं केलं, गावातल्या कितीजणींचं केलं, त्याबद्दलही नाही. तसं काही ऐकायची तू वाट बघत असशील तर सोडून दे. मी सोडलं आहे. ती कप विसळत म्हणाली, "सासूनं कुणावर तरी चिडायचंच होतं. आलवियावर चिडली तर तलाक. माझ्यावर चिडली तर काय? मला या वयात कोण तलाक देतो?"

मग हसली. खूप हसली. मला कप धरावे लागले.

पिशवीतला कागद मी चुलीत घातला.

नेमात


उम-तलह, २७ मे

आलविया,

हाशिम आला, हे तुला माहीत आहेच. इथं काय झालं ते तो तुला कितपत सांगेल ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

आला तो तावातावानं. सलामही धड केला नाही. "माझ्या पोरीला कोंडून ठेवलंय म्हणे?" कोंडलेली पोर शेजाऱ्यांच्या शेळीमागे धावत होती. आईनं त्याला हातपाय धुवायला लावले आणि भेंडीचं कालवण, किसरा पुढ्यात ठेवला. जेवणारा माणूस फार वेळ ओरडू शकत नाही, हे तिचं जुनं शास्त्र.

मग मी त्याच्यासमोर बसले. वर्गात बापांशी बोलायचं कसं, हेही शिकवतो आम्ही. आधी विचारायचं, सांगायचं नाही. मी विचारलं, "हाशिम, तसाबीहची व्हावी असं कुणाला वाटतं?"

"आलवियाला. आणि आईला."

"आलविया तुला तसं म्हणाली?"

तो थांबला. "आई म्हणाली, आलविया म्हणते."

"आलवियाला वाटतं, तुला हवं आहे."

"मला?" तो म्हणाला. "मला कुणी विचारलंय कुठे?"

"आणि तू कुणाला विचारलंस?"

मग मी त्याला तुझा ताप सांगितला. तो कशानं आला, कुणी शिवलं, कुणाच्या सांगण्यावरून. आलविया, त्याला आजवर 'बाळंतपणाचा ताप' एवढंच माहीत होतं. आणि शिवायला तू त्याच्यासाठी कबूल झालीस, हेही मी सांगितलं. तुझी परवानगी घेतली नव्हती. तुला राग येईल. येऊ दे.

तो उठला, पाण्याच्या रांजणाशी गेला, पाणी प्यायला नाही, नुसता झाकणावर हात ठेवून उभा राहिला. परत आला तेव्हा माझ्याशी नाही, आईशी बोलला. "हाज्जा, पोरीला कुणी हात लावणार नाही. माझ्या आईचं मी बघतो."

आई म्हणाली, "बघ म्हणजे नीट बघ. नुसतं तोंडानं नको."

त्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते तू ठरव. तू त्याच्याबरोबर राहतेस. तुमच्या भागात माझ्या ओळखीची एक पर्यवेक्षिका आहे, लसीच्या निमित्तानं ती अधूनमधून दारात येईल. तिला चहा दे. सासूबाई घरात असतील तर बोलू नकोस, नुसता चहा दे. तिला समजेल.

इथलं म्हणशील तर सगळं गोड झालेलं नाही. परवा वरच्या वस्तीवर एका घरानं राबहाला वगळून बाहेरची सुईण आणली आणि मुलीची केली. राबहाच्या नवऱ्याला शेताचं काय ते अजून कळवलेलं नाही. पण राबहा वर्गाला येत राहिली, आणि काल तिनं मला विचारलं, पुढचा वर्ग कुठे आहे, मी येऊन बोलू का? मी हो म्हटलं.

तसाबीह आज सकाळच्या गाडीनं गेली. समारंभ झाला नाही, बांगड्या मिळाल्या नाहीत, मेंदी फुकट गेली आणि हे सगळं मावशीमुळे, एवढं तिला शेजारच्या पोरींकडून कळलं आहे. गेले काही दिवस ती माझ्याकडून वेणी घालून घेत नव्हती. बसपाशी मी जवळ गेले तर तिनं बापाच्या पाठीमागे तोंड लपवलं. हाशिम म्हणाला, "मावशीला सलाम कर." तिनं केला नाही. खिडकीत बसली ती दुसरीकडे बघत. गाडी हलली तरी वळली नाही.

तुमच्या घरातली माझ्याशी न बोलणारी ही दुसरी. हिचं मला वाईट वाटत नाही. ती आयुष्यभर नाही बोलली तरी चालेल, धडधाकट राहून नाही बोलली म्हणजे झालं. तिचे केस तू विंचरतेस तेव्हा भोवऱ्यापाशी कंगवा सावकाश फिरव. तिथं दुखतं तिला. ओरडते.

नेमात